ताप हे निदान नव्हे
(सर्व्हरच्या स्थलांतरानंतर उद्भवणाऱ्या लॉगिन-विकारांविषयी)

बालरोगविभागात प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनावर एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच बिंबवली जाते. ताप हे लक्षण आहे, निदान नव्हे. एकाच सकाळी एकाच ओपीडीत तापाची पाच मुले येतात. एकाला मलेरिया असतो, एकाचा कान फुटलेला असतो, एकाला मूत्रमार्गाचा संसर्ग झालेला असतो, एकाला काल लस टोचलेली असते आणि एकाला वैशाखाच्या उन्हात तीन दुलयांत गुंडाळून आणलेले असते. पाचही जणांना एकच पातळ औषध लिहून देणारा डॉक्टर त्या दिवशी कदाचित निभावून जाईल, परंतु त्याला वैद्य म्हणता येणार नाही.

'लॉगिन होत नाही' ही आजच्या रुग्णालयांतील नित्याची तक्रार नेमकी याच जातीची आहे. ती ऐकताच आपण संगणकवाल्याला दूरध्वनी करतो, तो सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करतो, आणि कधी गुण येतो, कधी येत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू आपणां डॉक्टरांना संगणकतज्ज्ञ बनविण्याचा नाही. ज्या पद्धतशीर विचाराची सवय आपल्याला रुग्णशय्येपाशी लागलेली असते, तोच विचार या तक्रारीलाही लागू पडतो आणि तो न केल्यास रुग्णाच्या जिवाशी गाठ पडू शकते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

नंदेसरी आणि एक सोमवार

बडोद्याहून आणंदकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, मही नदीच्या अलीकडे नंदेसरी हे स्थानक लागते. तेथील जीआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे अनेक कारखाने आहेत. रंगांची मध्यवर्ती रसायने, औषधांचा कच्चा माल, नायट्राइट व अॅनिलीन वर्गातील पदार्थ अशा मालाची तेथे ये-जा चालते. २ जून २०२२ रोजी तेथील एका कारखान्यात मोठी आग लागली आणि आसपासच्या शेकडो रहिवाशांना तातडीने हलवावे लागले, हे आपल्यापैकी अनेकांना स्मरत असेल. अशा ठिकाणी रुग्णालयाच्या नोंदी हाताशी असणे हा केवळ कार्यालयीन सोयीचा प्रश्न राहत नाही.

त्या परिसरातील एका लहानशा धर्मादाय रुग्णालयात मी आठवड्यातून दोन दिवस बालरुग्ण तपासतो. तेथील सर्व्हर जुना झाला होता व त्याच्या प्रणालीला उत्पादकाचा आधार मिळणेही थांबले होते. म्हणून विश्वस्तांनी सर्व संगणक शहरातील मुख्य संस्थेच्या डोमेनमध्ये हलविण्याचे ठरविले. शनिवार-रविवारी काम झाले आणि सोमवारी सकाळी साडेआठला ओपीडी उघडली.

सव्वादहाच्या सुमारास एका चार वर्षांच्या मुलाला त्याच्या आईने कडेवर घेऊन धावत आणले. ओठ व नखे राखाडी-निळी पडली होती, मूल पेंगुळले होते. प्राणवायू लावला, तरी पल्स ऑक्सिमीटरचा आकडा ८५च्या पुढे सरकेना. छाती स्वच्छ, हृदयाचे ठोके जलद पण नियमित. रक्त काढले तर ते चॉकलेटी रंगाचे, आणि हवेत ठेवूनही लाल होईना. शेजारच्या खोलीतून आलेली मिठासारखी पांढरी पूड मुलाने चाटली होती, एवढे आईकडून कळले. निदान उघड होते. ते मेथेमोग्लोबिनीमिया होते. हिमोग्लोबिनमधील लोहाचे रूप बदलते आणि ते प्राणवायू वाहून नेण्यास निरुपयोगी होते. उतारा म्हणजे मेथिलीन ब्लू, प्रति किलो वजनास १ ते २ मिलिग्रॅम, शिरेतून पाच मिनिटांत सावकाश.

परंतु आई म्हणाली, "साहब, जब ये पैदा हुआ था, तब डॉक्टरनी ने कहा था, कुछ दवाई इसको कभी मत देना. कागज गाँव में रह गया."

जन्मतः कावीळ झालेल्या मुलग्याला काही औषधे वर्ज्य सांगितली असतील, तर बालरोगतज्ज्ञाच्या मनात पहिला विचार येतो तो जी-सिक्स-पीडी या विकराच्या कमतरतेचा. मेथिलीन ब्लू आपले काम करते ते याच विकराच्या साहाय्याने. तो नसेल तर औषधाचा उपयोग तर होत नाहीच, उलट तांबड्या पेशी फुटून रक्तविघटन होण्याचा धोका असतो. म्हणजे एकाच बाटलीत एका मुलासाठी जीवदान आणि दुसऱ्यासाठी घात. मुलाचा जन्म याच रुग्णालयातला होता. त्याचा तपासणी-अहवाल सर्व्हरवर होता. आणि त्या सकाळी अपघात विभागातील संगणक सर्व्हरचे दार उघडण्यास तयार नव्हता.

त्या दिवशी आम्हांला वाचविले ते प्रयोगशाळेतील ज्येष्ठ तंत्रज्ञाने. कागदी नोंदवही बंद करण्याची सूचना पाच वर्षांपूर्वीच निघाली होती. तरी या गृहस्थांनी आपल्या सवयीने ती चालू ठेवली होती. आईला जन्मतारीख आठवेना. पण "छठ के दो दिन बाद हुआ था," एवढे ती ठामपणे सांगत होती. तंत्रज्ञांनी त्या वर्षीच्या छठपूजेची तारीख काढली, तेथून पुढची पाने उलटली आणि अकराव्या मिनिटाला बोट ठेवले. आईचे नाव, तिसऱ्या दिवसाचा नमुना आणि पुढे 'जी-सिक्स-पीडी : कमतरता' असा शेरा. मेथिलीन ब्लूची भरलेली सिरिंज बाजूला ठेवली. प्राणवायू व क जीवनसत्त्वाचे इंजेक्शन सुरू करून, रक्तबदलाची सोय असलेल्या शहरातील मोठ्या रुग्णालयात मुलाला रुग्णवाहिकेतून पाठविले. आठवड्याने ते चालत घरी गेले.

रुग्णालयाच्या नोंदसमितीचे काम माझ्याकडे असल्याने त्या दुपारपासून पुढचे दोन दिवस मी संगणक-अभियंत्याच्या बरोबर बसलो. जे पाहिले ते येथे क्रमाने मांडतो.

डोमेन म्हणजे काय?

प्रथम शब्दाचा एक घोळ दूर करू. 'डोमेन' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. महाजालावरील पत्ता हा एक अर्थ. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत बँकांना आपले पत्ते 'डॉट बँक डॉट इन' या नव्या अंत्यनामाखाली हलवावयास सांगण्यात आले, ते या अर्थाचे स्थलांतर. आमच्या रुग्णालयात झाले ते दुसऱ्या अर्थाचे. तेथे डोमेन म्हणजे एकाच मुख्य नोंदवहीच्या अधिकाराखाली नांदणाऱ्या संगणकांचे व माणसांचे एक संस्थानच.

ही नोंदवही ज्या सर्व्हरवर असते त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत ती २०००पासून 'अॅक्टिव्ह डिरेक्टरी' या नावाने ओळखली जाते. तीत माणसांची खाती असतात, तशीच प्रत्येक संगणकाचीही असतात, आणि माणसाप्रमाणे संगणकालाही स्वतःचा गुप्त पासवर्ड असतो. तो आपल्याला कधी दिसत नाही आणि सर्वसाधारणपणे दर ३० दिवसांनी आपोआप बदलला जातो.

ओळख पटविण्याची रीत 'कर्बेरॉस' या नावाची आहे. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात १९८३मध्ये सुरू झालेल्या 'अथेना' प्रकल्पातून ती निर्माण झाली. ग्रीक पुराणातील पाताळाच्या दाराशी बसणाऱ्या तीन डोक्यांच्या कुत्र्याचे हे नाव. सकाळी आपण पासवर्ड दिला की मुख्य सर्व्हर एक तिकीट देतो, त्याची मुदत साधारणतः दहा तासांची असते. मग औषधालयाचा फोल्डर असो की प्रयोगशाळेचा, प्रत्येक दाराशी पासवर्ड न सांगता तिकीट दाखवावयाचे. आपल्या ओपीडीचा केसपेपर जसा त्या दिवसापुरता सर्व खिडक्यांवर चालतो, तसेच हे.

स्थलांतरात ही नोंदवहीच बदलते. माणसे तीच, यंत्रे तीच, परंतु ओळख देणारी सत्ता नवी. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. तेव्हा गायकवाडी शिक्क्याच्या ज्या सनदा आपल्या आजोबा-पणजोबांच्या पेटीत होत्या, त्यांचा कागद बदलला नव्हता की मजकूरही बदलला नव्हता. त्या वाचून मान्य करणारा अधिकारी मात्र बदलला होता. संगणकाच्या स्थलांतरातील बहुतेक दुखणी याच जातीची असतात.

एक तक्रार, पाच व्याधी

सोमवारी दुपारी अभियंता म्हणाला, "साहेब, सगळ्यांचा एकच प्रॉब्लेम आहे. सर्व्हर रीस्टार्ट करून बघतो." मी त्याला थांबविले. कल्चरसाठी रक्त घेण्याआधी अँटिबायोटिक सुरू करू नये, हा आपला नियम. रीस्टार्टने क्षणिक गुण येतो, चालू असलेली कामे मात्र तुटतात आणि रोगाची खूण पुसली जाते. आधी प्रत्येक विभागात जाऊन पडद्यावर कोणता संदेश येतो तो शब्दशः लिहून आणावयाचा, असे आम्ही ठरविले. कागद भरला तेव्हा 'लॉगिन होत नाही' या एका वाक्याच्या पोटात पाच निरनिराळ्या व्याधी निघाल्या.

पहिली, वॉर्डातली. तेथील संगणक म्हणे, 'लॉगिन सर्व्हर उपलब्ध नाही.' सर्व्हर तर चालू होता. दोष होता पत्ता सांगणाऱ्याचा. संगणकाला डोमेन कंट्रोलर कोठे आहे हे डीएनएस नावाच्या व्यवस्थेकडून कळते. नावावरून पत्ता सांगणारी ही व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३मध्ये मांडली. वॉर्डातील संगणकांत डीएनएस म्हणून इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीचा पत्ता घातलेला होता. जगातील सर्व संकेतस्थळे त्याला ठाऊक, परंतु आपल्याच रुग्णालयाच्या आतला सर्व्हर त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. नंदेसरीतील घर शोधताना मुंबईच्या पोस्टमनला विचारण्यासारखेच हे. तपासणी सोपी असते. 'आयपीकॉन्फिग' या आज्ञेने डीएनएसचा पत्ता पाहावा आणि 'एनएसलूकअप'ने नव्या डोमेनचे नाव विचारावे. उत्तर आले नाही की निदान झाले. येथे एक फसवे चिन्हही आढळले. त्याच वॉर्डात दोन सिस्टरांचे लॉगिन होत होते. कारण विंडोज अलीकडच्या काही वापरकर्त्यांची ओळख संगणकातच जपून ठेवते (मूळ व्यवस्थेत दहा) आणि सर्व्हर न सापडल्यास तिच्या बळावर आत घेते. त्या दोघींचे पहिले लॉगिन शनिवारी जोडणी चालू असतानाच होऊन गेले होते. रुग्ण चालताफिरता दिसावा आणि आतून न्यूमोनिया असावा, तसा हा प्रकार.

दुसरी, अपघात विभागातली, म्हणजे त्या मुलाच्या वेळी आडवी आलेली. संदेश होता की 'या संगणकाचे डोमेनशी असलेले विश्वासाचे नाते तुटले आहे.' याचा माणसाच्या पासवर्डशी काही संबंध नाही. संगणकाचा स्वतःचा गुप्त पासवर्ड आणि मुख्य नोंदवहीतील नोंद यांचा मेळ बसत नाही, असा त्याचा अर्थ. स्थलांतरात सर्व संगणकांना नवी नावे देण्यात आली होती, आणि यादीतील एकच क्रमांक दोन संगणकांना दिला गेला होता. दुसरा संगणक त्या नावाने जोडला गेला, त्या क्षणी पहिल्याची नोंद पुसून त्यावर दुसऱ्याची लिहिली गेली. दोन रुग्णांना एकच केसपेपर क्रमांक दिल्यावर जे होईल ते झाले. उपाय असा की नाव वेगळे करून संगणक डोमेनमध्ये पुन्हा जोडावयाचा. काम दहा मिनिटांचे. परंतु त्यासाठी संगणकात शिरण्यास त्याच यंत्रावरील स्थानिक प्रशासकाचे खाते व पासवर्ड हाताशी हवा, आणि तो त्या वेळी शहरातील कार्यालयात होता.

तिसरी, औषधालयातली. लॉगिन होत होते, परंतु पडद्यावर जुन्या कागदपत्रांचा मागमूस नाही, आणि सर्व्हरवरील फोल्डर उघडताच 'प्रवेश नाकारला' असे उत्तर. हा सनदेचा प्रश्न. संगणक माणसाला नावाने ओळखत नाही. ओळखतो तो 'एस-१-५-२१'ने सुरू होणाऱ्या एका लांबलचक क्रमांकाने. नव्या डोमेनमध्ये त्याच औषधनिर्मात्याला नवा क्रमांक मिळाला. फोल्डरच्या दाराशी मात्र अजून जुनाच क्रमांक लिहिलेला. फोल्डरच्या परवानगीच्या यादीत नावाऐवजी नुसता असा आकडा दिसू लागला की समजावे, हा क्रमांक ओळखणारा आता कोणी उरलेला नाही. यावर दोन उपाय असतात. स्थलांतराच्या वेळी नव्या खात्यासोबत जुन्या क्रमांकाचा इतिहास जोडून देणे, किंवा प्रत्येक फोल्डरवर नव्याने परवानगी लिहिणे. पहिला उपाय आधी करावयाचा असतो. तो राहून गेल्याने दुसरा करण्यात आमचा मंगळवार गेला.

चौथी, प्रयोगशाळेतली, आणि सर्वांत फसवी. तेथील रक्ततपासणी यंत्राला जोडलेल्या संगणकावर घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी मिनिटामिनिटाने जुळत होते, तरी सर्व्हर त्याचे तिकीट नाकारत होता. कर्बेरॉसच्या नियमानुसार दोन्ही यंत्रांच्या वेळेत मूळ व्यवस्थेप्रमाणे पाच मिनिटांहून अधिक अंतर चालत नाही. जुनी तिकिटे चोरून कोणी पुन्हा वापरू नयेत, म्हणून ही दक्षता. परंतु यंत्रे आपापसांत बोलतात ती जागतिक वेळेत. आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. या संगणकात प्रदेश म्हणून अमेरिकेचा पश्चिम किनारा निवडलेला होता आणि कोणी तरी काटे हाताने फिरवून भारतीय वेळ 'दिसेल' अशी लावून ठेवली होती. पडद्यावर सगळे ठीक, प्रत्यक्षात बारा तासांहून अधिक चूक. आजवर तो संगणक कोणत्याही डोमेनमध्ये नसल्याने हे खपून गेले होते. वेळ आपोआप जुळविणारी सेवाही त्यात बंद ठेवलेली होती. प्रदेश दुरुस्त केला, सेवा चालू केली, आणि दार उघडले. भारतीय संगणक आणीबाणी यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत संस्थांनी आपली घड्याळे एनआयसी वा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावीत व यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपाव्यात असे म्हटले आहे. त्या निर्देशाचे मर्म त्या दुपारी ध्यानात आले.

पाचवी, आमच्या मेट्रनबाईंची. त्यांचे लॉगिन व्हायचे, अर्ध्या तासाने खाते कुलूपबंद व्हायचे. उघडून द्यावे, पुन्हा बंद. "मी काही पासवर्ड चुकवत नाही हो डॉक्टर," असे त्या वारंवार सांगत होत्या, आणि ते खरेच होते. मुख्य सर्व्हरच्या सुरक्षानोंदीत खाते कुलूपबंद झाल्याची घटना ४७४० या क्रमांकाने लिहिली जाते, आणि ती कोणत्या यंत्रामुळे घडली तेही तेथे नोंदलेले असते. ते यंत्र निघाले पहिल्या मजल्यावरचे स्कॅनर. फोल्डरमध्ये कागद धाडण्यासाठी त्यात बाईंचे नाव व पासवर्ड कोणी पूर्वी घालून ठेवला होता. स्थलांतरात त्यात नव्या डोमेनचे नाव घातले गेले, पासवर्ड जुन्या डोमेनचाच राहिला. अडकलेला कागद स्कॅनर पुनःपुन्हा पाठवू पाही आणि प्रत्येक खेपेस बाईंच्या नावावर एक चूक जमा होई. स्कॅनरला त्याचे स्वतंत्र, मोजक्या अधिकारांचे खाते दिले आणि बाई सुटल्या.

तपासणीचा क्रम

या पाच अनुभवांतून आम्ही एक क्रम बसविला, तो सहकाऱ्यांच्या उपयोगी पडावा. पहिला प्रश्न, दोष माणसात की यंत्रात? तोच वापरकर्ता दुसऱ्या संगणकावर बसवून पाहावा आणि दुसरा वापरकर्ता त्याच संगणकावर. माणूस सर्वत्र अडत असेल तर खाते तपासावे. यंत्र सर्वांना अडवत असेल तर यंत्र. एवढ्या चार चाचण्यांत निम्मे निदान होते. त्यानंतर खालून वर जावे. आधी तार व जोडणी, मग डीएनएस, मग घड्याळ व त्याचा प्रदेश, मग संगणकाचे डोमेनशी नाते, मग माणसाचे खाते आणि सर्वांत शेवटी फोल्डरची परवानगी. पायरी गाळू नये. घड्याळ न पाहता पासवर्ड बदलत बसणे म्हणजे नाडी न पाहता इसीजी मागविणे होय.

आणखी एक गोष्ट. 'नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे' हा पडद्यावरचा संदेश मुद्दामच मोघम ठेवलेला असतो. नाव अस्तित्वात आहे की नाही, हे बाहेरच्या घुसखोराला कळू नये हा त्यामागील हेतू. खरे कारण यंत्राच्या सुरक्षानोंदीत असते. फसलेल्या लॉगिनची घटना तेथे ४६२५ या क्रमांकाने लिहिली जाते आणि सोबत असा वापरकर्ताच नाही, पासवर्ड चुकला, खाते कुलूपबंद आहे, वेळेत फरक आहे, अशी वेगवेगळी कारणे संकेतांकाने नोंदविलेली असतात. म्हणून 'संगणक काय म्हणतो' यावर न थांबता 'नोंद काय म्हणते' हे आपल्या अभियंत्याला अवश्य विचारावे.

मोठ्यांची उदाहरणे

हे दुखणे लहान रुग्णालयांपुरतेच आहे असे समजू नये. एप्रिल २०१८मध्ये ब्रिटनमधील टीएसबी बँकेने आपले पन्नास लाखांहून अधिक ग्राहक एका आठवडाअखेरीत नव्या प्रणालीवर हलविले आणि त्यांतील सुमारे १९ लाख लोकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. डिसेंबर २०२२मध्ये तेथील नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. याउलट आपल्या गावचे उदाहरण पाहा. सयाजीराव महाराजांनी १९०८मध्ये स्थापन केलेल्या बँक ऑफ बडोदामध्ये १ एप्रिल २०१९ रोजी विजया व देना या बँका विलीन झाल्या. कागदोपत्री विलीनीकरण एका दिवसात झाले, परंतु संगणकांचे एकत्रीकरण टप्प्याटप्प्याने झाले. विजया बँकेच्या शाखांचे सप्टेंबर २०२०मध्ये, देनाच्या शाखांचे डिसेंबर २०२०मध्ये पूर्ण झाले. वीस महिने हा काळ लांब वाटेल, पण एवढ्या शाखांचे स्थलांतर एका रात्रीत करावयाचे नसते.

स्थलांतर न होताही सर्व्हरचे दार बंद होऊ शकते, हे २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये दिसले. सायबर हल्ल्यामुळे सर्व्हर ठप्प झाले आणि देशातील अग्रगण्य रुग्णालयाला अनेक दिवस कागदावर काम करावे लागले. तेव्हा प्रश्न दार कधी बंद होईल हा नाही. ते बंद असताना आपण काय करणार, हा आहे.

आपण काय करावे?

आमच्या रुग्णालयाने त्या आठवड्यानंतर काही नियम केले. आपापल्या संस्थेच्या मानाने त्यांत फेरफार करून घ्यावेत.

१. स्थलांतर विभागवार करावे. प्रथम लेखा विभाग, मग ओपीडी, अपघात विभाग सर्वांत शेवटी. आणि ते सोमवारच्या आदल्या रात्री कदापि करू नये.

२. जुना सर्व्हर लगेच मोडीत काढू नये. किमान दोन महिने तो सुस्थितीत ठेवावा.

३. अपघात विभागातील प्रत्येक संगणकाचे आणीबाणीचे स्थानिक खाते असावे. त्याचा पासवर्ड मोहोरबंद लिफाफ्यात मेट्रनकडे ठेवावा. लिफाफा फोडला की कोणी, कधी व का याची नोंद व्हावी आणि पासवर्ड त्याच दिवशी बदलावा.

४. चाचणी घेताना अभियंत्याच्या खात्याने घेऊ नये, त्याला सर्वच दारे उघडी असतात. रात्रपाळीच्या सिस्टर, प्रयोगशाळेचे यंत्र, स्कॅनर व बिलाचा प्रिंटर यांच्याकडून प्रत्यक्ष काम करवून पाहावे.

५. दाखल रुग्णांची यादी व त्यांच्या वर्ज्य औषधांची टिपण रोज सकाळी कागदावर छापून वॉर्डात लावून ठेवावी.

६. महिन्यातून एक तास सर्व्हर बंद आहे असे समजून काम करून पाहावे. अग्निशमनाचा सराव आपण करतोच, हाही करावा.

सातवी सूचना बालरोगतज्ज्ञ म्हणून करतो. जी-सिक्स-पीडीची कमतरता, हिमोफिलिया, पेनिसिलीनची अॅलर्जी यांसारखी माहिती केवळ सर्व्हरच्या स्वाधीन करू नये. ती लसीकरणाच्या कार्डाच्या पहिल्या पानावर लाल शाईने, आईला वाचता येईल त्या भाषेत लिहावी. नंदेसरीत येणारी कुटुंबे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून येतात आणि काम संपले की दुसऱ्या गावी जातात. आमचे डोमेन त्यांच्याबरोबर जात नाही. कार्ड जाते.

ज्येष्ठ तंत्रज्ञांची ती नोंदवही आता अधिकृत झाली आहे. तिची पाने क्रमांकित केली आहेत, महिनाअखेरीस तिची सर्व्हरवरील नोंदींशी पडताळणी होते आणि ते निवृत्त झाल्यावर ती कोणी लिहावयाची, याचेही नाव समितीने ठरवून ठेवले आहे. आपापल्या संस्थेत असे काम मूकपणे करणारी व्यक्ती कोण आहे, याची चौकशी वाचकांनी या स्मरणिकेच्या निमित्ताने अवश्य करावी.